छायाचित्रसंग्रहातील स्थितिचिन्हे

छायाचित्र सध्या कोणत्या अवस्थेत आहे, त्याची मूळ प्रत कोठे आहे, तिच्यात फेरफार झाला आहे काय आणि ती सुरक्षित आहे काय, यांविषयी माहिती देणाऱ्या लहान खुणांना स्थितिचिन्हे म्हणतात. संगणकावर किंवा मोबाइलवर छायाचित्रे साठविणाऱ्या प्रणालींत प्रत्येक चित्राच्या लघुप्रतिमेवर किंवा तिच्या कोपऱ्यात तारा, हृदय, ढग, गोलाकार बाण, कुलूप, उद्गारचिन्ह अशा आकृती दिसतात. चित्रात कोण आहे किंवा ते कोठे घेतले, हे या आकृती सांगत नाहीत. त्यांचा संबंध चित्राच्या प्रतीशी असतो. या चिन्हांचा संगणकीय इतिहास अवघ्या दोन-अडीच दशकांचा असला, तरी त्यांमागील गरज जुनी आहे. प्रस्तुत नोंदीत मराठवाड्यातील नांदेड व लातूर या भागांच्या संदर्भात तिचा आढावा घेतला आहे.

पूर्वपीठिका : मजकूर न वाचता कागदाची अवस्था ओळखता यावी, यासाठी खुणा करण्याची प्रथा छायाचित्रणाच्या पुष्कळ आधीची आहे. मराठेशाहीतील मोडी पत्रांच्या शेवटी मोर्तब उमटवीत. पत्र येथे संपले असून यापुढे वाढविलेला मजकूर मूळ पत्राचा भाग नव्हे, असा तिचा अर्थ होता. हिशेबाच्या कागदांवर ‘रुजू’ असा शेरा असे. नोंद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिली असून ती जुळली आहे, असे त्यावरून समजे. या ताडून पाहण्याच्या क्रियेस रुजुवात म्हणतात. संगणकीय स्थितिचिन्हांचे कार्य समजून घेण्यास हा जुना शब्द विशेष उपयोगी आहे.

घरगुती व्यवहारातही अशा खुणा रूढ आहेत. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना लावलेले हळदकुंकू पत्रिका उघडण्यापूर्वीच कार्य मंगल असल्याचे सुचविते. भिंतीवरील तसबिरीला हार घातलेला असल्यास ती व्यक्ती हयात नाही, हे पाहुण्यास सांगावे लागत नाही. मात्र हार हे तसबिरीतील व्यक्तीच्या स्थितीचे चिन्ह आहे. तसबीर मूळ आहे की तिची नक्कल आहे, अथवा तिची दुसरी प्रत कोठे आहे, याविषयी हार काहीच सांगत नाही. ही दुसरी माहिती छायाचित्रकाराच्या खुणांतून मिळे.

काचपट्टीचा काळ : नांदेड व लातूर हे दोन्ही भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. नांदेड हे संस्थानातील जिल्ह्याचे ठिकाण होते. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही प्रदेश उस्मानाबाद (सध्याचे धाराशिव) व काही बीदर जिल्ह्यात मोडे. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. संस्थानातील छायाचित्रणाचा प्रारंभीचा इतिहास राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या नावाशी निगडित आहे. रूडकी येथे शिक्षण घेतलेले दीनदयाळ हे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते. १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबाद येथे चित्रशाळा उघडली. संस्थानातील वास्तू व स्थळे, दरबारी समारंभ आणि शिकारी यांची छायाचित्रे त्यांनी मोठ्या प्रमाणावर घेतली.

त्या काळी निगेटिव्ह काचेच्या पट्टीवर तयार होई. काचपट्टी जड व ठिसूळ असे आणि एकदा फुटली म्हणजे पुढील सर्व प्रतींची शक्यता संपे. दीनदयाळ यांच्या चित्रशाळेत पट्टीवरच क्रमांक व स्थळाचे नाव लिहीत, त्यामुळे तो मजकूर छापील प्रतीवरही उमटे. प्रत कोणाच्याही हाती असली, तरी तिची मूळ पट्टी कोणती, हे क्रमांकावरून कळे. प्रत हरवल्यास त्या क्रमांकाच्या आधारे नवी प्रत काढता येई. त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या. अशा संग्रहाचा उपयोग पट्टी आणि क्रमांक यांचा मेळ टिकण्यावर अवलंबून असतो. मूळ व प्रत यांचे नाते दाखविणारा हा क्रमांक म्हणजे आधुनिक स्थितिचिन्हांचा पूर्वज होय.

फिल्मचा काळ : स्वातंत्र्योत्तर काळात काचपट्टीची जागा फिल्मने घेतली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या उदकमंडलम येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले आणि ‘इंदू’ या नावाचा माल देशभरच्या स्टुडिओंत पोहोचला. भारतात लोकप्रिय झालेल्या अग्फा क्लिक-३ या साध्या कॅमेऱ्यात १२० जातीचा रोल बसे व त्यावर बारा चित्रे निघत. कॅमेऱ्याच्या पाठीवरील लहान लाल काचेतून रोलच्या कागदावरील आकडा दिसे. कितवे चित्र घ्यावयाचे आहे, हे त्यावरून कळे. बारावे चित्र घेऊन रोल पूर्ण गुंडाळला, की तो बंद करण्याची कागदी पट्टी समोर येई आणि तिच्यावर रोल वापरून झाल्याची सूचना छापलेली असे. हा रोल पुन्हा कॅमेऱ्यात भरू नये, एवढाच तिचा हेतू होता. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास एका समारंभाच्या चित्रांवर दुसऱ्या समारंभाची चित्रे उमटत आणि दोन्ही वाया जात.

स्टुडिओत निगेटिव्ह कागदी पाकिटात ठेवून पाकिटावर क्रमांक घालीत व तोच क्रमांक पुष्कळदा प्रतीच्या मागे शिक्क्यासह लिहीत. अनेक चित्रांतून निवड करावयाची असल्यास फिल्मच्या पट्ट्या कागदावर जशाच्या तशा छापून लहान प्रतींचा तक्ता तयार करण्याची व त्यावर लाल मेणाच्या पेन्सिलीने खुणा करण्याची पद्धत वृत्तपत्रीय व व्यावसायिक छायाचित्रणात जगभर रूढ होती. चौकट केलेले चित्र छापावयाचे, फुली मारलेले सोडून द्यावयाचे, असा तिचा संकेत होता. पुढे संगणकीय प्रणालींत आलेले तारे, निशाणे व रंगीत पट्ट्या या पेन्सिलीच्या खुणांच्याच जागी आल्या.

घरगुती संग्रहात, म्हणजे आल्बममध्ये, जाड काळ्या कागदावर चार कोपरे चिकटवून त्यांत चित्र बसवीत आणि दोन पानांमध्ये पातळ पारदर्शक कागद घालीत. एखादे चित्र कोणी काढून नेले, तर चार कोपरे व मधली रिकामी जागा शिल्लक राही. येथे चित्र होते आणि ते आता नाही, या दोन्ही गोष्टी ती रिकामी चौकट एकदम सांगे. ही खूण कोणी मुद्दाम केलेली नसे, तरी पाहणाऱ्यास तिचा अर्थ अचूक कळे.

छायाचित्रणाच्या साहित्यावर शुद्ध चित्ररूप स्थितिचिन्हे छापण्याचा ठळक प्रयोग १९९६ मध्ये झाला. कोडॅक, फुजी, कॅनन, निकॉन व मिनोल्टा या कंपन्यांनी मिळून आणलेल्या ‘प्रगत छायाचित्र प्रणाली’च्या फिल्मच्या डबीवर चार खिडक्या होत्या. पूर्ण वर्तुळ म्हणजे कोरी फिल्म, अर्धवर्तुळ म्हणजे अंशतः वापरलेली, फुली म्हणजे पूर्ण वापरलेली आणि आयत म्हणजे धुऊन झालेली, असे त्यांचे अर्थ होते. या फिल्मचे उत्पादन २०११ मध्ये थांबले. मात्र भाषेचा आधार न घेता केवळ आकृतीने अवस्था दाखविण्याची तिची कल्पना तोपर्यंत संगणकीय संग्रहांत सर्वत्र पसरली होती.

१९९३ चा भूकंप : प्रत एकच असणे म्हणजे काय, याचा अत्यंत कठोर अनुभव लातूर जिल्ह्याने घेतला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात मोठा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते व गावे झोपेत होती. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सु. दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद ही तेथील घरांची रचना होती. भिंती कोसळल्या तेव्हा माणसांबरोबर घरातील सर्व वस्तू, भिंतींवरील तसबिरी आणि पेट्यांतील कागदपत्रे ढिगाऱ्याखाली गेली. अनेक गावे पुढे नव्या जागी वसविण्यात आली. घरे पुन्हा बांधता आली, परंतु गेलेल्या माणसाचे एकमेव छायाचित्र पुन्हा घेता येत नाही. दूरच्या नातेवाइकाकडे दुसरी प्रत असेल किंवा तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या स्टुडिओत निगेटिव्ह उरले असेल, तरच ते परत मिळण्याचा संभव होता. स्टुडिओतील निगेटिव्ह शोधण्यासाठीही क्रमांक हवा आणि क्रमांक बहुधा हरवलेल्या प्रतीच्या मागेच लिहिलेला असे. मूळ वस्तू व तिच्याविषयीची माहिती एकाच ठिकाणी ठेवल्यास दोन्ही एकदम नष्ट होतात, हे संग्रहशास्त्रातील तत्त्व येथे स्पष्टपणे दिसते.

संगणकीय संग्रह : अंकीय कॅमेऱ्यांचा प्रसार झाल्यावर चित्रांची संख्या झपाट्याने वाढली व ती हाताने लावणे अशक्य झाले. ॲपलची आयफोटो (२००२), त्याच सुमारास आलेली व २००४ मध्ये गूगलने घेतलेली पिकासा, ॲडोबीची फोटोशॉप आल्बम (२००३) व लाइटरूम (२००७) या प्रणाली त्यातून पुढे आल्या. या प्रणालींची रचना ग्रंथालयासारखी असते. चित्राची मूळ फाइल तबकडीवर एका जागी असते आणि प्रणाली तिची लघुप्रतिमा, तारीख, जागा व इतर तपशील आपल्या सूचीत नोंदविते. पडद्यावर दिसणारी लघुप्रतिमा हे सूचीतील कार्ड होय. कार्ड हाती असले म्हणजे ग्रंथ कपाटात असतोच असे नाही.

सूची व फाइल यांत मेळ आहे किंवा नाही, हे प्रणाली वेळोवेळी तपासते. नोंदविलेल्या जागी फाइल आहे काय, तिचा आकार व बदलाची वेळ नोंदीशी जुळते काय, हे पाहिले जाते. काही प्रणाली फाइलमधील मजकुरावरून गणिताने एक लहान संख्या काढून तीही ताडून पाहतात. या तपासणीचा जो निष्कर्ष, तोच चिन्हरूपाने लघुप्रतिमेवर दिसतो. जुन्या दफ्तरातील ‘रुजू’ या शेऱ्याचे हे यांत्रिक रूप म्हणता येईल.

चिन्हांचे वर्ग : अर्थाच्या दृष्टीने या चिन्हांचे पाच वर्ग पडतात. (१) निवडीची चिन्हे : तारा, हृदय, निशाण व रंगीत पट्टी. ही वापरणारा स्वतः लावतो. प्रणाली केवळ ती लक्षात ठेवते. (२) फेरफाराची चिन्हे : चित्र कापले, त्याचा उजेड बदलला किंवा त्यास शोधशब्द जोडले, की लहान खूण उमटते. लाइटरूमसारख्या प्रणालींत मूळ फाइल तशीच राहते व फेरफारांची यादी वेगळी ठेवली जाते, त्यामुळे या खुणेवरून मूळ रूपाकडे परतता येते. (३) अभावाची चिन्हे : सूचीत नोंद आहे पण फाइल सापडत नाही, अशा वेळी प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह दिसते. काळ्या आल्बममधील रिकाम्या चार कोपऱ्यांचा हा नवा अवतार होय. फाइल पुसली गेली असेल किंवा केवळ दुसऱ्या फोल्डरमध्ये हलविली असेल, अथवा बाहेरची तबकडी जोडलेली नसेल. यांतील कारण कोणते, हे चिन्ह सांगत नाही. म्हणून ते दिसताच नोंद काढून टाकणे घाईचे ठरते. (४) स्थानाची चिन्हे : ढग, छेद दिलेला ढग, गोलाकार बाण व बरोबरची खूण. (५) संरक्षण व वाटप यांची चिन्हे : कुलूप, दोन माणसांची आकृती इत्यादी. चलच्चित्रावरील त्रिकोण किंवा चित्रमालिकेवरील एकावर एक चौकोन ही चिन्हे चित्राचा प्रकार दाखवितात, स्थिती नव्हे. व्यवहारात मात्र ती याच रांगेत दिसतात.

मोबाइल व क्लाउड : २०१५ मध्ये गूगल फोटोज ही सेवा सुरू झाली आणि २०१६ नंतर भारतात इंटरनेट स्वस्त झाल्यावर नांदेड-लातूरकडील सामान्य कुटुंबाचा आल्बम मोबाइलमध्ये आला. येथून स्थानाच्या चिन्हांना सर्वाधिक महत्त्व प्राप्त झाले. या संदर्भात ‘क्लाउड’ म्हणजे दूरच्या ठिकाणी असलेल्या संगणकांवरील साठा. सामान्यतः छेद दिलेला ढग म्हणजे चित्र केवळ मोबाइलमध्ये आहे, फिरता बाण म्हणजे प्रत पाठविली जात आहे आणि ढगातील बरोबरची खूण म्हणजे दूरच्या साठ्यात प्रत पोहोचली आहे. मराठवाड्यात ढग हे पावसाच्या आशेचे चिन्ह आहे. तोच ढग येथे कोठाराचा अर्थ धारण करतो. प्रथम पाहणाऱ्यास हा अर्थ आकृतीवरून सुचत नाही, तो शिकावाच लागतो.

एका प्रसंगाच्या चित्रांवरून या चिन्हांची आवश्यकता कळू शकेल. एप्रिल २०१६ मध्ये तीव्र टंचाईच्या काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणण्यात आले. १२ एप्रिल रोजी दहा टाक्यांची व सु. पाच लाख लिटर पाण्याची पहिली गाडी लातूरला पोहोचली. अशा प्रसंगी मोबाइलवर घेतलेल्या एका चित्राच्या तीन अवस्था संभवतात : घेणाऱ्याच्या मोबाइलमधील मूळ फाइल, व्हॉट्सॲपवरून गेलेली व आकाराने कमी केलेली नक्कल, आणि क्लाउडमधील प्रत. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. व्हॉट्सॲपमध्ये अंधूक चित्रावर खाली वळलेला बाण दिसत असेल, तर चित्र अद्याप उतरवून घेतलेले नसते. फार काळ गेल्यास ते पाठविणाऱ्याकडून पुन्हा मागवावे लागते. पुढील काळातील इतिहासकारास यांतील मूळ कोणते, हे ठरविण्यासाठी फाइलमधील तारीख व तपशील पाहावे लागतील आणि व्हॉट्सॲपवरून गेलेल्या नकलेत ते तपशील सहसा उरत नाहीत.

गैरसमज व हानी : चित्र दिसते म्हणजे ते आपल्याजवळ आहे, हा सर्वांत प्रचलित गैरसमज होय. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले चित्र सर्वसाधारण रीतीने पुसल्यास ते मोबाइल व क्लाउड या दोन्ही ठिकाणांहून जाते. साठ दिवस ते कचरापेटीत राहते व नंतर परत मिळत नाही. बॅकअप न झालेल्या चित्रांसाठी ही मुदत तीस दिवसांची आहे. मोबाइलमधील जागा मोकळी करण्याची स्वतंत्र सोय मात्र केवळ मोबाइलमधील प्रत काढते. दोन्ही क्रिया वरवर सारख्या भासतात, पण एकीत प्रत कमी होते व दुसरीत चित्रच जाते. तसेच प्रत पाठविण्याचे काम जागेअभावी थांबलेले असू शकते. जून २०२१ पासून या सेवेतील नवी छायाचित्रे पंधरा जीबीच्या मोफत मर्यादेत मोजली जाऊ लागली. मर्यादा संपल्यावर छेद दिलेला ढग दिसत राहतो व कुटुंब मात्र चित्रे सुरक्षित आहेत, असे समजून चालते.

प्रणालीच बंद पडणे हा दुसरा धोका होय. गूगलने १५ मार्च २०१६ रोजी पिकासाचा पाठपुरावा थांबविला. पिकासातील पिवळ्या ताऱ्याची नोंद प्रत्येक फोल्डरमधील एका लहान वेगळ्या फाइलमध्ये असे. चित्रे दुसऱ्या प्रणालीत नेली तरी ती फाइल तेथे वाचली जाईलच, अशी खात्री नव्हती. परिणामी वर्षानुवर्षे केलेली निवड चित्रे शाबूत असूनही निरुपयोगी होण्याचा संभव निर्माण झाला. याउलट गुणांकन व शोधशब्द चित्राच्या फाइलमध्येच लिहिण्याची पद्धत ॲडोबीने २००१ मध्ये मांडली होती. ती वापरल्यास खुणा चित्राबरोबर प्रवास करतात. दीनदयाळ यांच्या काचपट्टीवरील क्रमांक प्रतीबरोबर जात असे, तसाच हा प्रकार आहे.

मर्यादा : कोणतेही स्थितिचिन्ह त्या क्षणापुरते खरे असते आणि ते प्रणालीने केलेल्या तपासणीइतकेच विश्वसनीय असते. काही महत्त्वाच्या अवस्थांसाठी चिन्हच नाही. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातील मजकुरासह पुसले जाऊ शकते. हा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आला. घरातील सर्व छायाचित्रे एकाच व्यक्तीच्या खात्यात असतील व ती व्यक्ती वारली असेल, तर प्रत्येक लघुप्रतिमेवर बरोबरची खूण असूनही संपूर्ण संग्रह मुदतीच्या छायेत असतो. भिंतीवरील तसबिरीला हार घालून घर जी स्थिती नोंदविते, तिची नोंद प्रणालीला आपोआप होत नाही. खातेदाराने हयातीतच विश्वासू व्यक्तीची नेमणूक करून ठेवण्याची सोय २०१३ पासून उपलब्ध आहे, तथापि ती स्वतः सुरू करावी लागते.

या कारणांमुळे संग्रहशास्त्रात महत्त्वाच्या चित्राच्या निदान तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात व एक प्रत दुसऱ्या गावी असावी, असा संकेत रूढ झाला आहे. त्यास जुन्या पद्धतीची एक जोड देता येते. चित्रातील माणसांची नावे, गाव व वर्ष हे तपशील निवडक चित्रांच्या कागदी प्रतींमागे मराठीत लिहून ठेवल्यास प्रणाली बदलली तरी ते वाचता येतात. स्थितिचिन्ह प्रत कोठे आहे एवढेच सांगते. ती का जपावी, हे चित्रातील माणसांना ओळखणाऱ्यानेच लिहून ठेवावे लागते.